खुर्ची नाही म्हणाली नाही

दर साली दिवाळीच्या आगेमागे आमचं सरकार गाडीत बसून ग्वाल्हेरला निघून जायचं. मंत्री जायचे, सेक्रेटरी जायचे, कारकून बायकापोरांसकट जायचे, फायलींच्या पेट्या हातगाड्यांवरून स्टेशनावर जायच्या. उन्हाळा लागला की सगळी वरात परत इंदूरला. संस्थानं एक करून मध्यभारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर मोठं की इंदूर मोठं यावर जी भांडणं झाली, त्यावरचा हा तोडगा. थोडे महिने त्यांच्याकडे, थोडे महिने आमच्याकडे. दोन घरं केलेल्या नवऱ्यासारखं. आणि अशा नवऱ्याचं जे होतं तेच व्हायचं. काही मागायला जावं तर तो नेमका दुसऱ्या घरी.

त्या वर्षी आमच्या जुन्या इंदुरात जच्चाखाना बांधून झाला. पाटीवर ‘प्रसूतिगृह’ असं लिहिलं होतं, पण बाळंत होणारीला एवढा लांब शब्द कशाला? सगळे जच्चाखानाच म्हणायचे. तीन खोल्या, पुढे ओसरी, आत लोखंडी खाटा, पाणी उकळायचा बंब, काचेच्या कपाटात चकचकीत हत्यारं. उज्जैनहून इंदुमती नावाची नर्ससुद्धा येऊन दाखल झाली. सगळं तयार. राहिलं काय? तर उद्घाटन. दारावर लाल फीत बांधली, ओसरीवर मंत्रीजींसाठी मखमलीची उंच पाठीची खुर्ची मांडली, पोह्यांची कढईसुद्धा चढली. आणि निरोप आला की मंत्रीजी आजच्याच गाडीने ग्वाल्हेरला निघाले, उद्घाटन उन्हाळ्यात परत आल्यावर.

आम्ही पोहे खाल्ले आणि घरी गेलो. अजून त्याचा राग येतो. पोहे खाऊन घरी जाणाऱ्या लोकांना सरकार काय भीक घालणार?

दाराला कुलूप लागलं. किल्ली चौकीदाराकडे दिली. चौकीदार म्हणजे आमचे शेजारी जयसिंगराव.

जयसिंगराव होळकरांच्या रिसाल्यातले जुने घोडेस्वार. घोडा गेला, रिसाला गेला, राज्य गेलं; मिशी तेवढी राहिली. संस्थान विलीन झालं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण त्यांच्या पाठीच्या कण्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना हुकूम मिळाला होता: “मंत्रीजी आल्याशिवाय दार उघडायचं नाही.” बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर चढले, खुर्चीवरची धूळ पंच्याने झटकली, तीन पावलं मागे सरले आणि वाकून खुर्चीला तीन वेळा मुजरा केला.

गल्लीतून जाणारा दूधवाला थांबला. “कुणाला करताय हो काका?”

“हुजुरांना.”

“हुजूर तर ग्वाल्हेरला आहेत!”

“म्हणून तर गादीला केला. हुजूर असते तर हुजुरांना केला असता. तुम्हा लोकांना रीतभात काही माहीतच नाही यार.”

मग त्यांनी दूधवाल्याला ती गोष्ट सांगितली, जी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. खरी की खोटी ते रिसाल्यातले घोडे जाणोत. महाराज विलायतेला गेले की त्यांच्या छावणीत दरबार गादीसमोर भरायचा. गादी रिकामी असली तरी फिर्याद घालायची. तीन वेळा विचारायचं. गादीने नाही म्हटलं नाही की मंजूर.

“आणि गादी कधी नाही म्हणाली?” दूधवाल्याने विचारलं.

“गादी कशाला नाही म्हणेल? नाही म्हणायला माणूस लागतो.”

हे बोललेले ते विसरले. त्यांची बायको सखुबाई मात्र समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती, आणि ती काही विसरणारी बाई नव्हे.

आता मुद्द्याचं सांगतो. जयसिंगरावांच्या घरात सून होती, कमल. तिला सहावा महिना होता. आदल्या खेपेला तिचं पोर टांग्यात गेलं होतं. कळा सुरू झाल्या, सुईण म्हणाली मूल आडवं आहे, आपल्याच्याने होणार नाही, तेव्हा टांगा जोडून मोठ्या दवाखान्याकडे निघाले. पुलावर बैलगाड्यांची गर्दी अडकलेली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. कमल वाचली. पोर नाही वाचलं. त्यानंतर ती पुलावरून जाताना डोळे मिटून घ्यायची. आमच्या गल्लीतल्या बायकांनी जच्चाखान्यासाठी जे मोर्चे काढले, लाटणी वाजवली, ते त्या पोरासाठी. आणि आता घरापासून वीस पावलांवर जच्चाखाना उभा होता, त्यात सगळं होतं आणि त्याची किल्ली तिच्याच सासऱ्याच्या कमरेला लटकत होती.

“मामंजी,” कमलने एकदा विचारलं, “उन्हाळ्यापर्यंत मी थांबू शकणार नाही ना हो.”

जयसिंगराव जेवता जेवता थांबले. घास खाली ठेवला. “हुकूम आहे पोरी,” एवढंच म्हणाले आणि अर्धपोटी उठले.

त्या दिवसापासून सखुबाई नवऱ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण त्यांच्याशी नाही. भिंतीवरच्या खुंटीला जयसिंगरावांचं दरबारी पागोटं टांगलेलं असायचं, त्याच्याशी. “पागोटेराव, भाकरी झाली, जेवून घ्या म्हणते.” “पागोटेराव, सुनेचे पाय सुजलेत, कुणाला दिसतात का बघा.”

“अगं, मी इथे आहे!” जयसिंगराव ओरडायचे.

“पागोटेराव, कुणीतरी ओरडून राहिलंय बघा. तुम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलता, मी रिकाम्या पागोट्याशी बोलते. रीतभात म्हणतात तिला.”

भिंतीला भिंत लागून आमचं घर. आम्ही पोट धरून हसायचो.

इंदुमती सिस्टर रोज सकाळी पांढरी साडी नेसून यायची, जच्चाखान्याच्या पायरीवर बसून स्वेटर विणायची आणि संध्याकाळी परत जायची. “आत हत्यारं आहेत, बाहेर मी आहे,” ती म्हणायची. “मध्ये कुलूप आहे. त्या कुलपाला खरंच मोठी नोकरी आहे बघा.” तिने पायरीवर बसूनच कमलला तपासलं. पोटावर हात फिरवून म्हणाली, “या वेळीही मूल जरा हट्टी दिसतंय. घरी नको. टांग्यात तर मुळीच नको.”

गल्लीत एक शहाणा माणूस होता, अप्पासाहेब. जुन्या दरबारात दफ्तरात होते, आता पेन्शनीत. ते म्हणाले, “थ्रू प्रॉपर चॅनल जायला पाहिजे.” त्यांनी अर्ज लिहिला. तो इंदूरच्या कचेरीत गेला. इंदूरच्या कचेरीत खुर्च्यांवर कापडं टाकलेली, एक साहेब शेंगा सोलत बसलेला. तो म्हणाला, ग्वाल्हेरला पाठवा. ग्वाल्हेरला पाठवला. ग्वाल्हेरने विचारलं, मामला इंदूरचा आहे, इंदूर कचेरीचं मत काय? शेंगावाला म्हणाला, माझं मत ग्वाल्हेरवरच अवलंबून आहे. यावर मी शिव्या लिहू शकतो, पण नको. बाळंतिणीची गोष्ट आहे.

मिलमधली पोरं म्हणाली, कुलूप तोडू. कमलचा नवरा नंदूच त्यांच्यात पुढे, हातात पहार घेऊन. जयसिंगराव काठी टेकून दारात उभे राहिले. “ये. बापाच्या अंगावरून जा.”

“बाबा, तुमचीच सून आहे!”

“सून माझी आहे. दार माझं नाही.”

नंदूने पहार टाकली आणि तो रडत घरी गेला. मला तेव्हा म्हाताऱ्याचा इतका संताप आला की काय सांगू. आता कळतं, त्याचाही दोष अर्धाच. चाळीस वर्षं ज्याला हुकूम मानायलाच शिकवलं, त्याला हुकूम देणाऱ्याने तरी पत्ता ठेवून जायला नको? सत्ता लांब जाऊन बसते, आणि मागे आपल्यातलाच एक माणूस काठी देऊन आपल्याविरुद्ध उभा करते. मग आपण भांडायचं, बाप आणि लेक.

पौषात, संक्रांत होऊन गेल्यावर, एका दुपारी कमलला कळा सुरू झाल्या. ओट्यावर गराडूच्या कंदाचे काप तळत होते, अख्ख्या गल्लीत तेलाचा वास भरला होता. सखुबाई कढई उतरवून धावली, सिस्टर स्वेटर टाकून धावली. आत जाऊन सिस्टर लगेच बाहेर आली. तिचा चेहरा बदलला होता. “आडवं वळतंय. मला टेबल पाहिजे, उकळलेलं पाणी पाहिजे, हत्यारं पाहिजेत. आत्ता.”

“टांगा आणू?” नंदूने विचारलं.

“नाही!” आतून कमल ओरडली. “पुलावर नाही जाणार मी! इथेच मरेन!”

सखुबाईने कमलला धरलं, दुसऱ्या बाजूने माझ्या बायकोने धरलं, आणि त्या दोघी तिला सरळ जच्चाखान्याच्या ओसरीवर घेऊन आल्या. जयसिंगराव दारात उभे. तोंड पांढरंफटक. हात किल्लीवर, पण हात हलेना. गल्ली सगळी गोळा झाली. नंदूच्या हातात पुन्हा पहार.

आणि मग सखुबाई किती महिन्यांनी नवऱ्याशी बोलली. हळूच बोलली.

“अहो. या खुर्चीला तुम्ही रोज मुजरा करता ना?”

“करतो.”

“म्हणजे हे हुजूर.”

“हुजुरांच्या जागी.”

“मग विचारा ना हुजुरांना. तुमच्या छावणीत विचारायचे तसं. तुम्हीच सांगितलं, गादीसमोर फिर्याद घालता येते.”

जयसिंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. मग परत तिच्याकडे. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडावर मी तसा उजेड पाहिला नव्हता. जणू चिखलात रुतलेल्या घोड्याला खाली दगड लागला.

“पागोटं!” ते ओरडले. “पागोट्याशिवाय दरबार नाही! आणा!”

“आता पागोटं?” सिस्टर किंचाळली.

पण सखुबाई निघालीसुद्धा होती. नऊवारीचा काष्टा सावरत ती अशी धावली की दूधवाला आजही सांगतो. पागोटं आलं. जयसिंगरावांनी ते डोक्यावर ठेवलं, तीन पावलं मागे सरले, तीन मुजरे केले आणि रिसाल्यातल्या आवाजात बोलले:

“हुजूर! जुन्या इंदूरची फिर्याद आहे! सून कमल, बाळंत व्हायची आहे, मूल अडलंय! दार उघडायची इजाजत व्हावी!”

खुर्ची गप्प.

“हुजूर! दुसऱ्यांदा अर्ज आहे! इजाजत व्हावी!”

खुर्ची गप्प. कमल ओठ चावत होती, तिची बोटं माझ्या बायकोच्या दंडात रुतली होती.

“हुजूर! तिसऱ्यांदा…”

आणि अप्पासाहेब खोकले.

जयसिंगराव गर्रकन वळले. “कोण बोललं? हुजुरांच्या वतीने कोण बोललं?”

“कुणी नाही हो!” अप्पासाहेब घाबरून म्हणाले. “खोकला होता! तळणाचा धूर घशात गेला भिया!”

“नाही म्हणालात?”

“नाही!”

“बघा, नाही म्हणाले!”

“अहो म्हणजे, नाही म्हणालो नाही! खोकलो! खोकला हा खोकला असतो, देवाशप्पथ!”

सखुबाईने अप्पासाहेबांकडे असे काही डोळे वटारले की ते पुढचा पाऊण तास श्वाससुद्धा तोंड दाबून घेत होते. जयसिंगराव परत खुर्चीकडे वळले. “तिसऱ्यांदा अर्ज आहे हुजूर. इजाजत व्हावी.”

एक चिमणी येऊन खुर्चीच्या पाठीवर बसली, इकडे तिकडे पाहिलं आणि उडाली.

“मंजूर!” जयसिंगराव गरजले आणि किल्ली कुलपात गेली.

नंदू आत धावणार तोच म्हाताऱ्याने काठी आडवी घातली. “थांब! दार उघडायची इजाजत मिळाली. फीत कापायची नाही मिळाली. उद्घाटन हुजुरांचंच.” आणि मग त्यांनी स्वतः काठीच्या टोकाने ती लाल फीत वर उचलून धरली. भाल्याने तोरण उचलावं तशी. सुनेने खाली वाकून आत पाऊल टाकलं. तेवढ्या कळांतही कमल हसली, हे मी स्वतः पाहिलं.

ऊन कौलांवरून खाली उतरेपर्यंत आम्ही बाहेर उभे होतो. नंदू बंबाला लाकडं घालत होता. जयसिंगराव पागोटं घालून खुर्चीजवळ ताठ उभे, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की हुजुरांचं, माहीत नाही. मग आतून एक आवाज आला, बारीक आणि चिडलेला. सिस्टरने दारातून डोकं बाहेर काढलं. “मुलगी. दोघी ठणठणीत. आणि पोरगी मला शिव्या देऊन राहिलीय.”

जयसिंगराव पायरीवर खाली बसले, पागोटं मांडीवर घेतलं आणि त्यात तोंड लपवून हुंदके देऊ लागले. सखुबाई त्यांच्याजवळ बसली. “पागोटेराव,” ती म्हणाली, “आजोबा झालात म्हणते.” सगळ्यांना सराफ्यातल्या हलवायाकडून जिलबी आली. अप्पासाहेबांनी चार खाल्ल्या आणि मगच मोकळेपणाने खोकले.

बारशाला पोरीचं नाव शशिकला ठेवलं. गल्लीत तिला हुकूमबाई म्हणतात.

त्यानंतर काय विचारता? जिला दिवस भरले ती यायची, जयसिंगराव पागोटं चढवायचे, तीनदा विचारायचे, खुर्ची गप्प राहायची, ते फीत उचलायचे. मग लोक म्हणाले, गटार तुंबलंय, खुर्चीला विचारू का? विचारलं. नाही म्हणाली नाही. मग ते उपसायचं कुणी? आम्हीच. एका रविवारी उपसलं. कोपऱ्यावरचा दिवा बंद होता, खुर्चीला विचारून तो नंदूने मिलमधल्या मिस्त्रीकडून लावून घेतला. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला की ही खुर्ची काही करत नाही. ती फक्त अडवत नाही. आणि तेवढ्याने किती काय होतं!

चैत्र संपता संपता सरकार परत आलं. मंत्रीजींची मोटार आमच्या गल्लीत शिरली, मागे लक्ष्मीकांत नावाचे एक साहेब फाईल घेऊन. फीत तशीच बांधलेली पाहून साहेब खूश झाले. “देखिए सर, सब इंटॅक्ट.” गळ्यात हार घातलेल्या मंत्रीजींनी कात्री घेतली आणि फीत कापली. टाळ्या. आणि टाळ्यांना दचकून आतून एकदम तीन पोरं रडायला लागली.

मंत्रीजींच्या हातातली कात्री खाली पडली.

“ये क्या है?” लक्ष्मीकांत साहेब किंचाळले. “किसने खोला? किसके हुक्म से?”

जयसिंगराव पुढे आले. पागोटं घातलेलं. “हुजूर, तुमच्याच हुकमाने.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, खुर्चीपासून खोकल्यापर्यंत. एक शब्द लपवला नाही. सैनिक खोटं बोलत नाही, आणि जयसिंगरावांना तर त्यात काही लपवण्यासारखं दिसतच नव्हतं.

“सर, इन्क्वायरी होईपर्यंत कुलूप लावावं लागेल,” साहेब म्हणाले. “चौकीदार सस्पेंड.”

हे ऐकून गल्लीत असा आवाज झाला की मोटारीच्या ड्रायव्हरने काचा वर केल्या. कमल दारात आली. कडेवर हुकूमबाई. “लावा कुलूप,” ती म्हणाली. “आत तिघी आहेत, एकीच्या कळा चालू आहेत. लावा. मी बघते कसं लावता.” हीच ती, पुलावर डोळे मिटणारी.

मंत्रीजी गडबडले. माणूस गडबडला की टेकायला जागा शोधतो. ते खुर्चीकडे वळले.

“बसा, साहेब, बसा,” सखुबाई म्हणाली. “तुमचीच आहे. एवढंच सांगते, तुम्ही नव्हता तोवर ही खुर्ची कुणाला नाही म्हणाली नाही. आता तुम्ही बसाल, तर जरा तिची अब्रू राखा.”

मंत्रीजी अर्धे वाकलेले, तसेच थांबले. बसावं की उभं राहावं, त्यांना कळेना. सत्तेवरचा माणूस असा अधांतरी वाकलेला पाहायला फार बरं वाटतं. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहावा.

“और अगर मैं ना कर दूँ तो?” त्यांनी विचारलं.

जयसिंगरावांनी अगदी आदराने मुजरा केला. “तर हुजूर ग्वाल्हेरला जाण्याची वाट पाहू.”

मग पहिल्यांदा ड्रायव्हर हसला. मग सिस्टर. मग गल्ली फुटलीच, कौलांवरची कबुतरं उडाली, अप्पासाहेबांना पुन्हा खोकला लागला. आणि मंत्रीजीही हसले. न हसून सांगतात कुणाला? माणूस वाईट नव्हता तो; फक्त लांब होता. ते सरळ उभे राहिले. म्हणाले, कुलूप लागणार नाही, किल्ली नर्सबाईंकडे राहील, चौकीदार जागच्या जागी. लक्ष्मीकांत साहेबांनी फाईल मिटली.

“बैठो बेटी, तुम बैठो,” मंत्रीजी कमलला म्हणाले. ती बसली. मखमलीवर मांडी घालून बसली आणि पोरीला दोन्ही हातांनी उभं धरलं. हुकूमबाईने मंत्रीजींकडे नीट पाहिलं, आणि मखमल ओली केली.

“अरे, अरे, खुर्ची!” साहेब पुढे धावले. “सर, ही कचेरीत घेऊन जाऊ?”

“खुर्ची इथेच राहील,” सखुबाई म्हणाली. “तुम्हाला काय, तुम्ही येत-जात असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंगरावांनी ती खुर्ची उन्हात वाळत घातली. मग तीन पावलं मागे सरले आणि वाकले. दूधवाला थांबलाच. “आता कुणाला हो काका? हुजूर तर इंदुरातच आहेत!”

जयसिंगरावांनी मिशीवर हात फिरवला, जरा विचार केला आणि मुजरा पुरा केला.

“सवय आहे यार,” ते म्हणाले. “आणि हिने काम केलंय.”